गूळ, चप्पल आणि कास्टिंग : शोधयंत्रांच्या तुलनेच्या प्रकल्प नोंदी, कोल्हापूर

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आजपासून काम सुरू. कोल्हापुरातल्या तीन धंद्यांच्या संकेतस्थळांवर गुगल, बिंग, डकडकगो आणि ब्रेव्ह या चार शोधयंत्रांची तुलना करायची आहे. एक चपलांचं दुकान, कुरिअरनं देशभर माल पाठवणारं. एक गुऱ्हाळ, गूळ आणि काकवी थेट घरपोच विकणारं. आणि शिरोली एमआयडीसीतली एक फौंड्री, म्हणजे लोखंडाचं ओतकाम (कास्टिंग) करणारा कारखाना, जिचा बराच माल परदेशी जातो.

‘कुठलं यंत्र चांगलं’ हा प्रश्न मुद्दाम ठेवलेला नाही. त्याचं उत्तर मिळालं तरी मार्केटिंग करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. आपला प्रश्न असा : कुठलं गिऱ्हाईक कुठल्या यंत्रापुढे बसतं, आणि त्याच्यापर्यंत पोचायला वेगळं काय करावं लागतं.

भारतात गुगलचा वाटा ९५ टक्क्यांहून जास्त आहे, त्यामुळे बरेच जण बाकीच्यांकडे बघतही नाहीत. चप्पल आणि गुळासाठी ते बऱ्यापैकी बरोबरही आहे, कारण ते गिऱ्हाईक मोबाईलवर असतं. फौंड्रीचं गणित वेगळं. तिचं गिऱ्हाईक म्हणजे जर्मनीतल्या किंवा अमेरिकेतल्या कारखान्याच्या खरेदी विभागात विंडोज संगणकासमोर बसलेला माणूस. त्या संगणकात एज ब्राउझर आणि एजमध्ये बिंग आधीपासूनच असतं. जे आधीपासून असतं तेच बहुतेक जण वापरतात, आणि त्या जागेची किंमत केवढी असते हे अमेरिकेतल्या खटल्यात उघड झालं : सफारीत गुगल राहावं म्हणून २०२२ या एका वर्षात ॲपलला सुमारे २० अब्ज डॉलर दिले गेले. त्याच खटल्यात ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी गुगलनं मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा निकाल दिला. देशाची सरासरी बघून फौंड्रीचा निर्णय घेणं म्हणूनच चुकीचं.

अजून एक गोष्ट पहिल्याच दिवशी लिहून ठेवतो. यंत्रं चार दिसत असली तरी अनुक्रमणिका (यंत्रानं वाचून साठवलेल्या पानांच्या याद्या) तीनच आहेत. डकडकगोचे नेहमीचे दुवे मुख्यतः बिंगकडून येतात. याहूचा शोध २००९ च्या करारापासून मायक्रोसॉफ्टवर, म्हणजे बिंगच्या मालकावर, टेकलेला आहे. ब्रेव्हनं २०२१ मध्ये सुरुवात केली आणि २०२३ मध्ये बिंगचा उरलासुरला आधार सोडून स्वतःच्या अनुक्रमणिकेवर आलं. चाचणीत हा फरक फार कामाला येतो : पान डकडकगोवर नसेल तर दोष शोधायचा तो बिंगकडे.

४ नोव्हेंबर

दर धंद्याला २० असे ६० शब्दसमूह ठरवले. दिवसभर लागला, पण सगळ्यात जास्त शिकायला इथेच मिळतं.

गूळ. शुद्ध लेखन ‘गूळ’, लोक टाइप करतात ‘गुळ’. सर्च कन्सोलमध्ये (आपलं पान कुठल्या शोधात दिसलं ते दाखवणारं गुगलचं साधन) या दोन वेगळ्या ओळी दिसतात, म्हणून यादीतही दोन्ही. शिवाय बाजारातलं नाव आणि घरातलं नाव वेगळं. शाहू मार्केट यार्डात ‘रवा’ म्हणतात, घरात ‘ढेप’. पानावर दोन्ही शब्द हवेत. ‘१० किलो रवा’ एवढंच लिहिलं तर पुण्यातल्या घरगुती गिऱ्हाइकाला रवा म्हणजे शिऱ्याचा वाटेल.

चप्पल. मराठीत कोल्हापुरी चप्पल, कोल्हापुरी चपला, कापशी चप्पल. रोमन लिपीत तर विचारूच नका : कोल्हापुरीतला ‘एच’ गाळून लिहिणारे भरपूर, आणि परदेशातले चप्पलऐवजी ‘सँडल’ किंवा ‘स्लिपर’ म्हणतात. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या शोतल्या कोल्हापुरीसारख्या चपलांवरून वाद झाला तेव्हापासून या शब्दांवर बातम्यांची पानंही आली आहेत. पुढच्या वर्षी ‘गेल्या वर्षीपेक्षा इतके टक्के कमी’ असं कुणी म्हणालं तर जून ते ऑगस्ट बाजूला काढूनच तुलना करावी.

कास्टिंग. माल एकच, पण देशागणिक नाव बदलतं. आपल्याकडे आयएस १८६५ या मानकाप्रमाणे ‘एसजी ५००/७’. युरोपात ‘ईएन-जीजेएस-५००-७’. जर्मनीतले जुने ड्रॉइंग अजून ‘जीजीजी ५०’ म्हणतात आणि मालाला ‘स्फेरोगुस’. अमेरिकेत ‘डक्टाइल आयर्न’, त्यातली जवळची प्रत एएसटीएम ए५३६ ची ८०-५५-०६. (यादीत हे सगळं रोमनमध्येच आहे.) सध्या फौंड्रीच्या पानावर फक्त ‘दर्जेदार एसजी आयर्न कास्टिंग’ असं लिहिलंय आणि प्रतींची यादी स्कॅन केलेल्या चित्रात आहे. चित्रातल्या अक्षरांच्या भरवशावर कुठल्याच यंत्रासाठी राहू नये. तक्ता मजकुरात लिहायचा, ही नावं एका ओळीत शेजारी शेजारी, ‘समकक्ष’ न म्हणता ‘जवळची प्रत’ असं म्हणून. खरेदी अधिकारी तांत्रिक माणूस असतो, चुकीची बरोबरी त्याला लगेच दिसते.

मराठी अक्षरांच्या कोडचा एक घोळ. ‘ॲप’मधला ‘ॲ’ दोन प्रकारे टाइप होतो : एक स्वतंत्र अक्षर म्हणून, दुसरा ‘अ’वर चंद्र देऊन. ‘दुसऱ्या’तला अर्धा ‘ऱ’ही तसाच : एकदा ‘ऱ’ला हलन्त देऊन, एकदा ‘र’ला हलन्त देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह टाकून. डोळ्यांना सारखं, संगणकाला वेगळं, आणि युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण केलं तरी या जोड्या एक होत नाहीत. संकेतस्थळाच्या आतल्या शोधपेटीत ‘गुऱ्हाळ’ सापडत नव्हतं ते याच कारणानं. सगळ्या पानांवर एकच रूप ठरवलं : स्वतंत्र ‘ॲ’ आणि ‘ऱ + हलन्त’.

५ नोव्हेंबर

चाचणीची पद्धत.

खासगी खिडकी उघडली की निकाल तटस्थ होतात हा गैरसमज आहे. खातं आणि जुना इतिहास बाजूला राहतो, पण जोडणीच्या पत्त्यावरून गाव कळतंच. म्हणून देश आणि भाषा हातानं ठरवायची : गुगलच्या पत्त्यात ‘जीएल’ आणि ‘एचएल’, बिंगच्या पत्त्यात ‘सीसी’ आणि ‘सेटलँग’, डकडकगोत वरच्या पट्टीवरचा प्रदेश. सगळे शोध एकाच जोडणीवरून.

स्वयंचलित करता येईल का ते पाहिलं. बिंगची शोध एपीआय (प्रोग्रॅममधून थेट शोध घ्यायची सोय) ११ ऑगस्ट २०२५ रोजी बंद झाली. गुगलच्या कस्टम सर्च एपीआयला दिवसाला १०० शोध फुकट आहेत, पण त्याचे निकाल मुख्य पानाशी जुळत नाहीत, तेव्हा तुलनेला निरुपयोगी. हातानंच करायचं.

६० शब्द, ४ यंत्रं, मोबाईल आणि संगणक, प्रत्येकी पहिली २ पानं : एका फेरीला ९६० पानं. मिनिटाला एक धरलं तरी १६ तास. परवडत नाही. चप्पल आणि गूळ फक्त मोबाईलवर, कास्टिंग फक्त संगणकावर, असं केलं की ४८० पानं, ८ तास. आठवड्याला एक फेरी.

प्रत्येक ओळीत नोंदवायचं : आपलं पान कितवं, आणि पहिल्या नैसर्गिक (जाहिरात नसलेल्या) दुव्याच्या वर काय काय आहे (जाहिराती, नकाशा, चित्रांची पट्टी, एआय उत्तर). दुसरा रकाना पहिल्याइतकाच महत्त्वाचा. वर चार जाहिराती आणि नकाशा असेल तर ‘पहिला क्रमांक’ मोबाईलवर दुसऱ्या पडद्यावर जातो.

जुन्या आकड्यांबद्दल सावधगिरी : सप्टेंबर २०२५ मध्ये गुगलनं एका पानावर १०० निकाल मागण्याची सोय काढली. क्रमांक मोजणारी साधनं ती वापरायची, आणि त्यांचे शोधही इंप्रेशनमध्ये (पान निकालात किती वेळा दिसलं त्या आकड्यात) मोजले जायचे. त्यामुळे बऱ्याच संकेतस्थळांचे इंप्रेशन तेव्हा एकदम उतरले आणि सरासरी क्रमांक वर गेलेला दिसला. ती आपल्या कामाची कमाई नव्हे. अहवालात त्या तारखेवर उभी रेघ मारली.

७ नोव्हेंबर

पहिल्या फेरीत चपलांच्या दुकानाचं एकही पान बिंगवर नाही, डकडकगोवरही नाही. गुगलवर आणि ब्रेव्हवर व्यवस्थित. दोष मजकुराचा असता तर चारी ठिकाणी कमीजास्त दिसला असता. एकाच कुळातली दोन यंत्रं साफ कोरी, म्हणजे दार बंद आहे.

तपासाचा क्रम : रोबोट्स फाइल (बॉटनं, म्हणजे पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमनं, कुठे जावं ते सांगणारी), मग पानावरचा ‘नोइंडेक्स’ (हे पान यादीत घेऊ नका अशी खूण), मग बिंग वेबमास्टर टूल्समधली पत्ता-तपासणी, शेवटी सर्व्हरची लॉग, म्हणजे भेटींची नोंदवही. पहिल्या दोन ठिकाणी काही नाही. लॉगमध्ये बिंगबॉटच्या प्रत्येक भेटीला ४०३, म्हणजे ‘प्रवेश नाही’. कारण सापडलं : सर्व्हरच्या नियमांच्या फाइलमध्ये कधीतरी चिकटवलेली ‘वाईट बॉट’ची जुनी यादी, आणि तिच्यात बिंगबॉट.

नुसतं नाव यादीतून काढून थांबायचं नाही, कारण ‘मी बिंगबॉट’ असं कुणीही म्हणू शकतं. खरा ओळखायची रीत : आयपीवरून (जोडणीच्या पत्त्यावरून) उलटा डीएनएस शोध घ्यायचा, म्हणजे त्या पत्त्याचं नाव काढायचं, नाव ‘सर्च डॉट एमएसएन डॉट कॉम’ने संपलं पाहिजे, आणि त्या नावावरून परत सुलटा शोध घेतला की तोच आयपी आला पाहिजे. गुगलबॉटसाठीही हीच दुहेरी तपासणी.

रोबोट्स फाइलमध्ये ‘क्रॉल-डिले’ (बॉटनं दोन भेटींत थांबायचा वेळ) ३० सेकंद होता. गुगल तो मानत नाही, बिंग मानतं. म्हणजे सर्व्हरवरचा भार हलका करायला लिहिलेली ओळ फक्त बिंगलाच अडवत होती. काढली.

१० नोव्हेंबर

इंडेक्सनाऊ बसवलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि रशियन शोधयंत्र यांडेक्सनं आणलेली ही पद्धत. पान बदललं की आपणच कळवायचं, बॉट येण्याची वाट बघायची नाही. गुगल ती वापरत नाही. तिथे साइटमॅप (संकेतस्थळाच्या पानांच्या पत्त्यांची फाइल) आणि सर्च कन्सोलच.

कृती : ८ ते १२८ अक्षरांची किल्ली (आम्ही ३२ घेतली), त्याच नावाची साधी मजकूर फाइल संकेतस्थळाच्या मुख्य फोल्डरमध्ये ठेवायची, आत तीच किल्ली. एका खेपेत १०,००० पत्ते पाठवता येतात. उत्तर २०० किंवा २०२ आलं तर ठीक. ४०३ म्हणजे किल्ली सापडली नाही किंवा जुळली नाही, ४२२ म्हणजे पत्ता त्या संकेतस्थळाचा नाही, ४२९ म्हणजे अति झालं. आपल्याला पहिल्यांदा ४०३ आलं. किल्लीची फाइल उपफोल्डरमध्ये गेली होती.

गुऱ्हाळाला याचा उपयोग जास्त. हंगामात दर आणि शिल्लक रोज बदलते.

साइटमॅपमधले ‘प्रायॉरिटी’ आणि ‘चेंजफ्रीक्वेन्सी’ काढून टाकले, गुगल ते वाचत नाही. ‘लास्टमॉड’मध्ये (पान शेवटचं कधी बदललं) मात्र खरी तारीख हवी. प्लगइन रोज सगळ्या पानांवर आजची तारीख टाकत होतं. असं केलं की यंत्र त्या तारखेवर विश्वास ठेवणं सोडून देतं.

१२ नोव्हेंबर

मराठी पत्त्यांचा प्रश्न. देवनागरीचं एक चिन्ह पत्त्यात कोड होऊन ९ रोमन अक्षरांचं होतं, आणि मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात. ‘कोल्हापुरी’ म्हणजे १० चिन्हं, ९० अक्षरं. वर्डप्रेसमध्ये पानाच्या पत्त्याला २०० ची मर्यादा आहे, म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. ‘कोल्हापुरी-चप्पल-खरेदी’ इथेच १८२ होतात. पुढे ‘मार्गदर्शक’ लावलं तर त्यातला नुसता ‘म’ उरतो. अशी तुटकी पानं चपलांच्या संकेतस्थळावर बरीच निघाली. व्हॉट्सॲपवर पाठवलं की तो पत्ता टक्केचिन्हांची लांबलचक रांग होऊन दिसतो आणि गिऱ्हाईक त्याला हात लावत नाही.

निर्णय : पत्ता छोट्या रोमन शब्दांत, शीर्षक आणि मजकूर मराठीत. पत्त्यातल्या शब्दांना क्रमांकात फार वजन नसतं, तेव्हा तोटा नाही. जुन्या पत्त्यांवरून नव्यावर ३०१ (कायमचं वळण) लावायचा, एकावर एक, सगळे मुख्य पानाकडे वळवायचे नाहीत.

१७ नोव्हेंबर

एआय उत्तरं. गुगलची ‘एआय ओव्हरव्ह्यू’ (निकालांच्या वर यंत्रानं लिहिलेलं उत्तर) भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये आली, बिंगनं फेब्रुवारी २०२३ पासूनच गप्पांचं उत्तर आणलं होतं. ‘गूळ खाण्याचे फायदे’ किंवा ‘गूळ की साखर’ अशा शोधांना उत्तर वरच मिळून जातं, माणूस पानावर यायचं कारणच उरत नाही. सर्च कन्सोलमध्ये याचा वेगळा हिशेब मिळत नाही, सगळं वेबच्या एकूण आकड्यात मिसळलेलं असतं.

‘गुगल-एक्स्टेंडेड’ला (मजकूर गुगलच्या एआयला वापरू द्यायचा की नाही हे सांगायचं नाव) रोबोट्स फाइलमध्ये बंदी केली की ओव्हरव्ह्यूतून सुटका होते असं बरेच जण समजतात. होत नाही. ओव्हरव्ह्यू नेहमीच्या गुगलबॉटनं आणलेल्या मजकुरावर चालतं. ‘नोस्निपेट’ (पानातला उतारा दाखवू नका अशी खूण) लावता येतं, पण मग साध्या निकालाखालचा उताराही जातो. आम्ही लावलेलं नाही.

गुऱ्हाळाच्या ब्लॉगवर फायद्यांचे आणखी लेख लिहायचे ठरले होते, ते थांबवले. तो वेळ दुसऱ्या पानांना : आजचा दर, १, ५ आणि १० किलोत काय शिल्लक, कुठल्या पिनकोडला किती दिवसांत पोचतं, गाळपाची तारीख. हे उत्तर दुसऱ्या कुणाकडे नसतं.

२० नोव्हेंबर

जाहिराती. इथे पैसे सगळ्यात सहज वाया जातात.

‘कोल्हापुरी’ हा शब्द एकट्याचा नाही. चप्पल आहे, साज आहे, मिसळ आहे, मसाला आहे, हॉटेलातली व्हेज कोल्हापुरी आहे, आणि नदीवरचा कोल्हापुरी बंधाराही आहे. ब्रॉड मॅच (शब्दाशी सैल जुळणाऱ्या शोधांनाही जाहिरात) ठेवला की चपलेच्या पैशात मिसळीची पाककृती शोधणारे येतात. नकारात्मक यादीत (हे शब्द शोधात असतील तर जाहिरात दाखवायची नाही) गेले : मिसळ, मसाला, रस्सा, रेसिपी, व्हेज, चिकन, साज, बंधारा, कुस्ती, आणि रोमनमधली त्यांची रूपं. कास्टिंगची गंमत याहून मोठी : ‘कास्टिंग’ शोधणाऱ्यांत सिनेमाची ऑडिशन शोधणारे असतात. ऑडिशन, कॉल, मॉडेल, सीरियल, फिल्म असे शब्द काढले. ‘फौंड्री’वर सेमिकंडक्टर आणि क्लाउड सॉफ्टवेअर येतं, तेही.

दिवसाचा खर्च ५०० रुपये ठरवला तर गुगल एखाद्या दिवशी त्याच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकतं, महिन्याची मर्यादा ३०.४ पट. म्हणजे १५,२०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी २,७३६, एकूण १७,९३६. दुकानदाराला हा शेवटचा आकडा आधी सांगायचा.

फौंड्रीसाठी मायक्रोसॉफ्टच्या जाहिराती सुरू केल्या. याच जाहिराती डकडकगोवरही दिसतात. गुगलची मोहीम तिथे थेट आयात होते आणि सोपं वाटतं, पण चार ठिकाणी घात होतो :

दुव्यात ‘स्रोत = गुगल’ असं हातानं लिहिलेलं असेल तर ते तसंच येतं आणि बिंगचे सगळे क्लिक गुगलच्या खात्यात दिसतात. आपलं तेच झालं, तीन दिवसांचे आकडे टाकून द्यावे लागले.

ब्रॉड मॅचचे नकारात्मक शब्द तिथे फ्रेज मॅच होतात, म्हणजे दिलेल्या क्रमातच धरले जातात, म्हणून शब्दांचा क्रम बदलला की गळती. प्रत्येक क्रम वेगळा लिहावा लागतो.

चौकशी मोजणारा टॅग वेगळा असतो, यूईटी. तो पानावर बसवल्याशिवाय मोजणी शून्य.

आयात रोज आपोआप चालू ठेवली तर हातानं बदललेल्या बोली (एका क्लिकला द्यायची रक्कम) पुसल्या जाऊ शकतात. एकदाच आयात, नंतर बंद.

एक सोय मात्र गुगलकडे नाही : लिंक्डइनवरच्या माहितीनुसार, म्हणजे उद्योग, कंपनी आणि कामाचा प्रकार बघून, काही देशांत बोली वाढवता येते. कास्टिंग घेणारा माणूस नेमका असाच शोधायचा असतो.

२४ नोव्हेंबर

ठिकाणाची निवड. गुगल जाहिरातीत मुळात ‘तिथे असलेले किंवा त्या ठिकाणात रस असलेले’ असं निवडलेलं असतं. अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांना खोल्या देणाऱ्याला ते योग्य, कारण भाविक पुण्याहून शोधतो. कोल्हापुरातच घरी गूळ पोचवायचा असेल तर ‘तिथे असलेले’ एवढंच हवं.

बिंग प्लेसेसमध्ये (बिंगच्या नकाशावरची दुकानाची नोंद) गुगल बिझनेस प्रोफाइलची, म्हणजे गुगलवरच्या तशाच नोंदीची, माहिती आयात केली. वेळा आणि सुट्टीचा वार हातानं तपासले.

२८ नोव्हेंबर

मोजणी. इथलं गिऱ्हाईक फॉर्म भरत नाही, व्हॉट्सॲप करतं किंवा फोन लावतं. फॉर्म मोजले तर सगळीच यंत्रं नापास. म्हणून व्हॉट्सॲपच्या दुव्यातल्या आयत्या मजकुरात कोड घातला : ‘नमस्कार, कापशी चप्पल हवी आहे, ग-१’. ग म्हणजे गुगल, ब म्हणजे बिंग, ड म्हणजे डकडकगो, आकडा पानाचा. आलेला स्रोत पहिल्या पानावरच साठवून ठेवावा लागतो, नाहीतर दुसऱ्या पानावर गेलं की हरवतो. काही जण कोड पुसून पाठवतात. त्यांना दुकानातून विचारायचं, ‘आमचं नाव कुठं बघितलंसा?’ आणि वहीत लिहायचं.

५ डिसेंबर

चौथी फेरी पूर्ण. चपलांची पानं बिंगवर आली, पाठोपाठ डकडकगोवरही.

तिन्ही मालकांची एकच मागणी : बिंग चालू ठेवायचं की नाही ते सांगा. फौंड्रीबाबत आत्ताच सांगणं घाईचं. समजा एकीकडे १०० क्लिकला २ चौकश्या आणि दुसरीकडे २० क्लिकला १. टक्केवारीत दुसरं अडीच पट दिसतं, पण एक चौकशी इकडची तिकडे झाली की चित्र उलटतं. दोन्हीकडे निदान ३० चौकश्या होईपर्यंत तुलना लिहायची नाही असं ठरवलं. कास्टिंगची चौकशी रोज येत नाही, तेव्हा मार्च उजाडेल. तोवर खर्च न वाढवता चालू.

चप्पल आणि गुळाला मायक्रोसॉफ्टच्या जाहिराती नकोत. तिथे फक्त दार उघडं ठेवायचं : बॉट अडत नाही ना, इंडेक्सनाऊ चालतंय ना, प्लेसेसची माहिती बरोबर आहे ना. महिन्याला एक तास. बाकी सगळा वेळ गुगल आणि दुकानाची चित्रं.

८ डिसेंबर

फौंड्रीचं जर्मन पान. गुगलसाठी ‘एचरेफलँग’च्या (हेच पान दुसऱ्या भाषेत कुठे आहे ते सांगणाऱ्या खुणांच्या) जोड्या दोन्ही पानांवर परस्पर लावल्या. एका बाजूनं लावल्या तर धरल्या जात नाहीत. बिंग त्यांना कमी वजन देतं, म्हणून पानाची भाषा सांगणारं ‘कंटेंट-लँग्वेज’ही लिहिलं. तक्त्यात जीजीजी ५० आणि स्फेरोगुस आले. भाषांतर यंत्राचं नको, जर्मन ड्रॉइंग वाचणाऱ्या इंजिनिअरकडून तपासून घ्यायचं. ते पान त्याच्याकडे गेलं आहे, परत आल्यावर इंडेक्सनाऊच्या किल्लीसह कळवायचं आणि पुढच्या फेरीत देश जर्मनी ठेवून शोधायचं.